उबेचं गाणं

सिस्टर फालेसी नाखुम्वा यांच्या वॉर्डात झुरळसुद्धा पाय पुसून शिरतं, असं इस्पितळातले लोक म्हणायचे. त्यांच्या माघारी, अर्थात. तोंडावर म्हणायची छाती मोठ्या डॉक्टरांचीही नव्हती. मुलांजे डोंगराच्या पायथ्याशी, चहाच्या मळ्यांमधलं ते इस्पितळ, आणि त्यात अपुऱ्या दिवसांच्या मुठीएवढ्या पोरांचा हा एक वॉर्ड. बाकी इस्पितळात नळ गळायचे, पलंगाखाली माणसं झोपलेली असायची. इथे मात्र फरशीत तोंड दिसायचं.

त्याचं कारण रोज सकाळचा तो एक तास. साडेसातला सगळ्या आया आणि सोबतिणी बाहेर व्हरांड्यात. पोरं दिवसरात्र आईच्या उघड्या छातीशी बांधलेली असायची, ती सोडून आपापल्या खाटल्यात ठेवायची. नंतर तपासायला सोपं जावं म्हणून अंगावर लंगोटापलीकडे काही नाही. मग सफाईवाल्या फरशी धुवायच्या आणि ती वाळावी म्हणून दोन्हीकडच्या खिडक्या सताड उघडायच्या. तेवढ्या वेळात बाहेर प्रार्थना, आरोग्याचे चार शब्द आणि गाणं. गाणं सिस्टरनी स्वतः रचलेलं होतं, अकरा वर्षांपूर्वी, हा वॉर्ड त्यांच्या हाती आला तेव्हा.

आई गं, बाळाला ऊब दे,
दुधाच्या आधी ऊब दे,
औषधाच्या आधी ऊब दे,
छातीशी घे, सोडू नको.

अशी आठ कडवी. टाळ्यांच्या ठेक्यावर पन्नास बायका ती म्हणू लागल्या की फाटकाबाहेर मक्याची कणसं भाजणारीसुद्धा मान हलवायची. गाणं संपवून बायका आत येत, तेव्हा आत अगदी शांतता असायची. एक पोर रडत नसायचं. पाहुणे आले की सिस्टर हे मुद्दाम दाखवायच्या. म्हणायच्या, "बघा, माझी पोरं किती शहाणी आहेत."

पोरं मरायची, ते मात्र काही केल्या थांबत नव्हतं. सकाळी धडधाकट दिसलेलं पोर दुपारनंतर मलूल व्हायचं, दूध ओढेनासं व्हायचं आणि संध्याकाळी जायचं. जून-जुलैत चिपेरोनी उतरली, म्हणजे पूर्वेकडून ते बारीक, बोचरं धुकं आणि पाऊस दिवस-दिवस मळ्यांवर बसून राहिला, की आणखी जास्त. सिस्टरना यात शंका नव्हती. हे काम आज्यांचं होतं. लेकीबरोबर सोबतीला आलेल्या म्हाताऱ्या दुपारी तीनच्या सुमाराला, नर्सांचा डोळा चुकवून, पाल्याच्या कोमट पाण्याने पोरांना आंघोळ घालायच्या. शंभरदा सांगून झालं, तांबे जप्त करून झाले, फाटकाबाहेर काढून झालं. म्हाताऱ्या हो हो म्हणायच्या आणि पाला पदरात लपवून परत यायच्या.

दोन महिन्यांपूर्वी डोरिकाचं पोर गेलं, तेव्हा सिस्टरचा तोल सुटला होता. डोरिका ही चहा खुडणारी पोरगी, बावीस वर्षांची, आवाज असा की गाण्याचं पुढारपण सिस्टरनी तिलाच दिलं होतं. तिच्या आईने, मालिताने, त्या दुपारी नातवाला आंघोळ घातली आणि दिवेलागणीला पोर गेलं. सिस्टर फाटकापर्यंत मालिताच्या मागे गेल्या होत्या. "तुझ्या हाताने गेलं हे पोर, म्हातारे! तुझ्या हाताने!" असं त्या ओरडल्या आणि व्हरांड्यातल्या सगळ्यांनी ते ऐकलं. त्याचा त्यांना पश्चात्ताप नव्हता. उलट, आता तरी बाकीच्या शहाण्या होतील असं त्यांना वाटलं होतं.

म्हणूनच तियांजाने मुखितो ही त्यांची धाकटी नर्स जेव्हा पुढच्या शिक्षणासाठी संशोधनाचा विषय शोधत आली, तेव्हा विषय सिस्टरनीच दिला.

"आज्यांची आंघोळ," त्या म्हणाल्या. "प्रत्येक पोराचा ताप पहाटेपासून रात्रीपर्यंत सहा वेळा मोज. आंघोळीआधी किती, आंघोळीनंतर किती. कागदावर आलं की जिल्ह्याचे साहेब ऐकतील. मी बोलले की म्हणतात, नाखुम्वाबाई चिडल्या."

"चिडत नाही का तुम्ही, सिस्टर?"

"तू मोज. तोंड चालवू नकोस."

तियांजानेने महिनाभर मोजलं. सुट्टीच्या दिवशीही आली. मोजणी संपली तरी चार दिवस ती सिस्टरच्या समोर यायचं टाळत होती. पाचव्या दिवशी दुपारी कामाच्या खोलीत आली, दार लोटून घेतलं आणि चौकटीचा कागद टेबलावर पसरला. प्रत्येक पोराची एक रेघ.

"बोल. तीन वाजता किती उतरतो?"

"तीन वाजता फारसा उतरतच नाही, सिस्टर. एखाद-दुसरा पॉइंट. आज्या पाणी कोमट घेतात, लगेच पुसतात आणि छातीशी घेतात. पाऊण तासात पोर पुन्हा जागेवर येतं."

"मग?"

तियांजानेने बोट ठेवलं. सगळ्या रेघा पहाटे छत्तीसच्या बऱ्याच वर होत्या. साडेसातपर्यंत वरच. आणि साडेआठला सगळ्या एकदम खाली, पस्तीसच्या आसपास, काही त्याच्याही खाली. रोज, तीसच्या तीस दिवस. मग दिवसभर त्या वर चढायला धडपडायच्या. काही चढायच्या. महिन्यात पाच रेघा मधेच थांबल्या होत्या.

सिस्टरनी चष्मा काढला.

"हे तू घरी बसून भरलंस."

"नाही, सिस्टर."

"आळशी पोरी असंच करतात. महिना संपत आला की घरी बसायचं, मक्याचा न्सिमा खायचा आणि आकडे लिहायचे. एवढी सगळी पोरं एकाच वेळेला गार पडतात? आणि ही सात नंबरची? ही रेघ सरळच्या सरळ. तेवढी भरायची विसरलीस वाटतं?"

तियांजानेचे डोळे भरले, पण ती हटली नाही. "सात नंबर का उतरत नाही, ते मलाही कळत नाही. पण मी मोजलेला ताप मी लिहिलाय. तुम्ही उद्या स्वतः मोजा. मी बाहेर गाणं म्हणते."

"तू? तुझा आवाज ऐकून आया घरी पळतील," सिस्टर म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी साडेसातला त्या बाहेर गेल्या नाहीत.

अकरा वर्षांत त्या तासाला त्या कधी आत नव्हत्या. त्या तर बाहेर टाळ्या वाजवत असायच्या. आया गेल्या, पोरं खाटल्यात ठेवली गेली, बादल्या आल्या. सिस्टरनी पहिल्या खाटल्यापासून सुरुवात केली. छत्तीस पॉइंट सात. छत्तीस आठ. छत्तीस सहा. तिघांपर्यंत सगळं ठीक होतं, आणि त्या मनात म्हणाल्या, भरलेच होते हिने आकडे. मग खिडक्या उघडल्या. ओल्या फरशीवरून धुकं आत आलं. लोकरीची बंडी घातलेली असूनही सिस्टरनी हात काखेत घातले.

पोरं आधी रडली. बाहेर प्रार्थना चालू होती, ती सवय नसल्यामुळे तियांजानेकडून नको तितकी लांबत होती, आणि आत वीस पोरं हातपाय झाडत होती. सिस्टर दचकल्याच. ही रडतात? माझी पोरं? बाहेर गाणं सुरू झालं आणि पन्नास बायकांच्या आवाजात हे रडणं पार बुडून गेलं. पहिलं कडवं, दुसरं, तिसरं. तिसऱ्या कडव्याला पोरांचे आवाज बारीक झाले. पाचव्याला दोनच उरले. सहाव्याला आत शांतता झाली.

तीच ती शांतता. पाहुण्यांना दाखवायची.

सिस्टरनी पहिल्या पोराच्या काखेत थर्मामीटर धरलं. पस्तीस पॉइंट तीन. दुसऱ्याला पस्तीस एक. तिसऱ्याचे ओठ निळसर झाले होते आणि ते पोर डोळे मिटून अगदी शहाण्यासारखं पडलं होतं. पायाला हात लावला तर पाय फरशीइतका गार. बाहेर बायका म्हणत होत्या, छातीशी घे, सोडू नको. त्या एक एक खाटलं करत जवळजवळ धावतच सातव्यापाशी पोचल्या, नियमाबाहेर घातलेलं दुपटं ओढलं.

खाटल्यात पोर नव्हतं. गुंडाळलेलं एक जुनं लुगडं होतं, पोराएवढं, नीट पांघरूण घातलेलं.

त्या किंचाळतच बाहेर आल्या. "सात नंबरचं पोर कुठंय? पोर चोरीला गेलं! फाटक बंद करा!"

गाणं तुटलं. मग शेवटच्या रांगेतून एक म्हातारी पुढे आली. आगोगो एलुबे, म्हणजे एलुबे आजी. तिच्या लेकीचं पोट फाडून पोर काढलेलं, लेक अजून दुसऱ्या वॉर्डात पडून होती, म्हणून पोराला छातीशी बांधायचं काम या आजीकडे होतं. तिने एक हात छातीवर दाबून धरला होता. पोलक्याच्या आत फुगवटा होता.

"ओरडू नका, सिस्टर," ती हळूच म्हणाली. "आत्ता कुठं डोळा लागलाय त्याचा."

कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. सिस्टरनी तिथेच, सगळ्यांसमोर, म्हातारीच्या पोलक्यात हात घातला आणि पोराच्या काखेत थर्मामीटर धरलं. छत्तीस पॉइंट नऊ.

"रोज?" सिस्टरनी विचारलं.

"रोज. पहिल्या दिवशी ठेवलं होतं मी खाटल्यात, नियमाप्रमाणे. परत आले तर पाय बेडकीच्या पोटासारखे गार. दुसऱ्या दिवसापासून लुगडं ठेवते. ताप मोजणारी पोरगी यायची तेव्हा पोर जागेवर, माझी चोरी कोणाला कळणार?"

"मला का सांगितलं नाहीत?"

म्हातारीला खरंच हसू आलं. "तुम्हाला? तुम्हाला कोण सांगणार, बाई? डोरिकाच्या आईला तुम्ही फाटकापाशी काय बोललात ते मी ऐकलं. लेक यायच्या आधीही आले होते मी इथं, शेजारणीच्या बाळंतपणाला. मला तसं जायचं नव्हतं." मग तिला वाटलं असावं की आपण फार बोललो, म्हणून ती समजावणीच्या सुरात म्हणाली, "आणि मी काही वावगं नाही केलं. गाण्यात जे म्हणत होतो तेच केलं."

मग एक आई आत धावली. तिच्यामागे दुसरी. मग सगळ्याच, चिखलाच्या पायांनी, धुतलेल्या फरशीवरून, आणि सिस्टरनी त्यांना थांबवलं नाही. आतून खिडक्या आपटून बंद केल्याचे आवाज आले. थोड्या वेळाने एक पोर रडलं, मग दुसरं.

दुपारी तियांजाने कामाच्या खोलीत आली तेव्हा सिस्टर भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. भिंतीवर काचेच्या चौकटीत जिल्ह्याचं मानपत्र होतं, सर्वांत स्वच्छ वॉर्डाचं. दोनच महिन्यांचं.

"सिस्टर, शुक्रवारी जिल्ह्याच्या बैठकीत कागद वाचायचाय. तुमची सही लागेल." तिने घसा साफ केला. "मी असं लिहिते की एका वॉर्डात असं आढळलं. वॉर्डाचं नाव नको. तुमचंही नको."

"या मानपत्राची तारीख वाच."

तियांजानेने वाचली. तिला लगेच काही कळलं नाही.

"त्या दिवशी पाहुणे आले होते," सिस्टर म्हणाल्या. "त्यांना गाणं इतकं आवडलं की मी डोरिकाला म्हटलं, पुन्हा घे. पहिल्यापासून. आठ आणि आठ, सोळा कडवी झाली. मग भाषण झालं. मग फोटो." त्यांनी सहीसाठी पेन उचललं आणि ते टेबलावर नुसतं धरून ठेवलं. "डोरिकाचं पोर त्याच संध्याकाळी गेलं, तियांजाने."

तियांजानेने मानपत्राची तारीख पुन्हा वाचली.

सिस्टरनी सही केली, आणि खाली मोठ्या अक्षरांत वॉर्डाचं नाव, स्वतःचं नाव आणि 'अकरा वर्षे' असं लिहिलं. मग म्हणाल्या, "तू वाचायचं. पण शुक्रवारच्या आधी मला एका घरी जायचंय. साहेबांनी ऐकायच्या आधी त्या घराने ऐकायला हवं."

मळ्याच्या कामगारांच्या चाळीत त्या पोचल्या तेव्हा बायका खुडणीवरून येऊन नळापाशी भांडी घासत होत्या. पांढरा गणवेश पाहताच सगळ्या उठून उभ्या राहिल्या. डोरिका दाराच्या उंबऱ्यावर बसली होती. ती आईशी बोलत नाही, तिच्या हातचं खात नाही, हे सिस्टरना वाटेतच कोणीतरी सांगितलं होतं, जणू चांगली बातमी असावी तसं. म्हातारी मागच्या पडवीत वेगळी चूल मांडून राहत होती.

मालिता पडवीतून बाहेर आली आणि सिस्टरना पाहून रीतीप्रमाणे दोन्ही गुडघे टेकून, टाळी वाजवत वाकली. इस्पितळातही सगळ्या म्हाताऱ्या त्यांच्यापुढे अशाच वाकायच्या. सिस्टरपेक्षा वीस वर्षांनी मोठ्या असल्या तरी. आजवर सिस्टरना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

"उठा," त्या म्हणाल्या. म्हातारी उठेना. मग सिस्टर तिच्यासमोर, ओल्या मातीत, गुडघ्यांवर बसल्या. नळापाशी एका बाईच्या हातून ताट पडलं.

"डोरिका, इकडे ये. तुम्हीही सगळ्या या. त्या दिवशी मी सगळ्यांसमोर बोलले होते, आजही सगळ्यांसमोर बोलणार आहे." आणि त्यांनी सांगितलं. खिडक्या, ओली फरशी, उघडी पोरं, तियांजानेच्या रेघा. सोळा कडव्यांचंही सांगितलं. काही लपवलं नाही, काही सावरून घेतलं नाही. "आंघोळीने तुमचा नातू गेला नाही. माझ्या नियमाने गेला. मी तुमच्यावर आळ घेतला."

"मी गात होते," डोरिका म्हणाली. "तो आत गारठत होता आणि मी बाहेर गात होते. तुम्ही म्हणालात, पुन्हा घे. मी खूश होऊन पुन्हा घेतलं."

"हो."

"तो रडला असेल का?"

सिस्टरना ते खोटं सांगता आलं असतं. "सुरुवातीला रडतात," त्या म्हणाल्या. "गाण्यात ऐकू येत नाही."

डोरिकाने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. तिच्या घशातून जो आवाज निघाला तो ऐकून नळावरच्या बायका मागे सरल्या.

मालिता मात्र अजून गुडघ्यांवरच होती. तिला सगळं कळायला वेळ लागत होता. ती स्वतःचे दोन्ही तळवे उलटेपालटे करून पाहत होती, सुरकुतलेले, बोटांना चहाचा काळा डाग असलेले.

"म्हणजे या हातांनी नाही गेला?" तिने विचारलं.

"नाही, आगोगो. त्या हातांनी नाही."

"मला वाटलं होतं, यांनीच गेला," म्हातारी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच सिस्टरना सहन होईना. "लेकीचं सोडा, ती पोर आहे. पण मलाही तसंच वाटलं होतं, सिस्टर. सहा पोरांना घातली होती मी तशीच आंघोळ, सगळी जगली. तरी मला वाटलं, माझंच चुकलं. तुम्ही म्हणालात म्हणून."

डोरिका उठली, दोन महिन्यांत पहिल्यांदा आईपाशी गेली आणि तिचे हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवले. सिस्टर नाखुम्वा त्यांच्यासमोर तशाच गुडघ्यांवर बसून राहिल्या. त्यांना कोणी उठा म्हटलं नाही.